चकमक एका दगडाने झडत नाही

आरंभीच एक कबुली. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय विद्यार्थी मंडळाने सुचवला होता : 'पोलीस चकमक हा जलद न्यायच होय.' परीक्षक म्हणून आम्ही तिघे, मराठी विभागातले अध्यापक, पहिल्या रांगेत बसलो होतो. अकरा स्पर्धकांपैकी आठ जण विषयाच्या बाजूने बोलले. विरुद्ध बोलणाऱ्या तिघांपैकी दोघांनी नंतर चहा पिताना सांगून टाकले की चिठ्ठी तशी निघाली म्हणून बोललो, एरवी आमचे मत निराळे आहे. ज्या विद्यार्थ्याला पहिले पारितोषिक मिळाले, त्याच्या भाषणाचा गाभा असा की ज्यांनी शंभर गुंडांना कंठस्नान घातले त्यांनाच आपण जन्मठेप देतो आणि वर न्यायाच्या गप्पा मारतो. सभागृह टाळ्यांनी दणाणले. आमच्या गुणपत्रिकेत आशय, मांडणी, उच्चार, शब्दफेक, वेळेचे भान असे रकाने होते. ते आम्ही इमानेइतबारे भरले. आशयाच्या रकान्यातही त्या विद्यार्थ्याला भरघोस गुण पडले. तो ज्या खटल्याविषयी बोलत होता त्यात कोण मेले, कसे मेले आणि न्यायालयाने नेमके काय म्हटले, हे त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही धड ठाऊक नव्हते.

प्रस्तुत लेख म्हणजे आम्हीच दिलेल्या त्या निकालाविरुद्धचे आमचे अपील समजावे.

खटला मुंबईचा आहे आणि वाचकांना तो 'लखनभैया प्रकरण' या नावाने ठाऊक असेल. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा एक सोबती यांना वाशीहून उचलण्यात आले. त्याच संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ लखनभैयाचा पोलिसांच्या गोळ्यांनी मृत्यू झाला. पोलिसांची हकीकत नेहमीची होती : पथक त्याला पकडायला गेले, त्याला शरण येण्यास सांगितले, त्याने गोळीबार केला, पथकाने स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले. ही हकीकत अशीच कागदावर राहून गेली असती. पण मृताचा भाऊ वकील होता. भावाला पोलिसांनी उचलले आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे, अशा तारा आणि फॅक्स त्याने त्याच दिवशी, मृत्यूची बातमी येण्यापूर्वीच, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पाठवले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या दोन संहितांकडे लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. एक संहिता घटनेनंतर लिहिली गेली, सवडीने, नेहमीच्या साच्यात, सरकारी शिक्क्यानिशी. दुसरी घटनेपूर्वी लिहिली गेली, घाईत, शब्दागणिक पैसे मोजून. संहिताचिकित्सा शिकवताना आम्ही पाठभेद सांगतो, प्रक्षेप सांगतो, जुनी पोथी कोणती आणि नंतरची कोणती हे कसे ओळखावे ते सांगतो. इथे तर काळाचा पुरावाच तारेवर छापलेला होता. घडण्याच्या आधी ज्याला भय वाटले त्याचे म्हणणे आणि घडून गेल्यावर ज्याला खुलासा करावा लागला त्याचे म्हणणे, यांतले कोणते आधी तपासावे, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, विशेष तपास पथक नेमले गेले आणि चकमकीचा खटला खुनाचा खटला झाला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली. त्याच महिन्यात आपल्या देशातील तारसेवा कायमची बंद झाली, हा निव्वळ योगायोग, पण शिकवण्याजोगा.

या एकवीस जणांत पथकाचे प्रमुख म्हणून ज्यांच्यावर आरोप होता ते प्रदीप शर्मा नव्हते. त्यांची निर्दोष मुक्तता झाली होती. शंभराहून अधिक चकमकी ज्यांच्या नावे सांगितल्या जातात असे हे अधिकारी २०१७ मध्ये सेवेत परतले, २०१९ मध्ये नोकरी सोडून नालासोपाऱ्यातून शिवसेनेच्या तिकिटावर विधानसभेला उभे राहिले आणि पडले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ती मुक्तता रद्द केली आणि शर्मांना जन्मठेप सुनावली. बारा पोलिसांसह तेरा जणांची शिक्षा कायम झाली, सहा जण सुटले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्मांच्या शरण येण्याला स्थगिती दिली. अंतिम शब्द त्या न्यायालयाचा, हे आम्ही मानतो आणि म्हणून 'खुनी' ही पदवी आम्ही आमच्या पदरची कुणाला देणार नाही. आमचे भांडण एका अधिकाऱ्याशी नाही. या खटल्याभोवती मराठीत जी चर्चा गेली कित्येक वर्षे चालली आहे, तिच्या भाषेशी आणि तिच्यातल्या आळसाशी आहे. त्या आळसात आमचाही वाटा आहे, हे वर सांगितलेच.

आधी भाषेकडे पाहू. आमचा अधिकार असलाच तर तेवढाच आहे.

'चकमक' हा मूळचा तुर्की शब्द. चकमक म्हणजे गारेचा दगड आणि पोलादाचा तुकडा यांच्या घर्षणातून ठिणगी पाडण्याचे साधन. पुढे दोन तुकड्यांतल्या लहानशा लढाईला मराठीने तेच नाव दिले, आणि योग्यच दिले; कारण चकमक 'झडते', 'उडते', आणि ती उडायला दोन बाजू लागतात. नुसता दगड हातात धरून कुणी ठिणगी पाडून दाखवावी. ज्या माणसाला दुपारी उचलून नेले आणि संध्याकाळी मारले असे न्यायालयात सिद्ध झाल्याचे दोन न्यायालये सांगतात, त्याच्या मृत्यूला चकमक म्हणणे ही न्यायाची गोष्ट बाजूला ठेवली तरी मराठीची चूक आहे. वर्तमानपत्रांनी मध्ये 'कथित' किंवा 'बनावट' हे विशेषण लावायला सुरुवात केली. पण विशेषण लावल्याने नाम सुधारत नाही. 'बनावट चकमक' म्हणताना आपण चकमक हा मूळ व्यवहार शुद्ध धरतो आणि दोष फक्त नकलेला देतो.

'कंठस्नान' त्याहून चमत्कारिक आहे. डोक्यावरून पाणी न घेता गळ्यापासून खाली केलेली आंघोळ हा त्याचा साधा अर्थ. शिरच्छेदासाठी तो लाक्षणिक अर्थाने रुळला, कारण त्या स्नानात पाण्याऐवजी रक्त असते. हा रणांगणाचा शब्द आहे. बखरींत तो शोभतो. नाना-नानी पार्कजवळच्या रस्त्यावर शोभत नाही. पण तो वापरला की मारणाऱ्याच्या हातात आपोआप तलवार येते, मरणारा आपोआप शत्रू होतो आणि वाचणारा आपोआप मावळा होतो. तीन भूमिका एका शब्दात वाटून दिल्या जातात, आणि साक्षीदाराला मात्र भूमिकाच उरत नाही.

व्याकरणाच्या तासाला आम्ही आणखी एक वाक्य हल्ली फळ्यावर लिहितो : 'गुंड चकमकीत ठार झाला.' प्रयोग ओळखा, असे विचारले की विद्यार्थी सांगतात, कर्तरी. उत्तर बरोबर आहे. मग कर्ता कोण? 'गुंड.' म्हणजे या वाक्यात जे काही केले ते मेलेल्या माणसानेच केले. गोळी कुणी झाडली याला वाक्यात जागाच नाही. 'ठार केले' म्हटले की कुणी, हा प्रश्न उभा राहतो. 'ठार झाला' म्हटले की तो बसतो. वर्षानुवर्षे हे एकच वाक्य नावगाव बदलून छापले गेले आणि आपण सकाळच्या चहाबरोबर ते वाचले. 'चकमकफेम' हा तर खास मराठी वर्तमानपत्रांचा दागिना. गायक एखाद्या गाण्याने 'फेम' होतो, नट एखाद्या नाटकाने. इथे अधिकारी माणसे मारण्याने 'फेम' झाला, आणि आपल्याला त्या सामासिक शब्दात काही खुपले नाही. २०१४ मध्ये आलेल्या 'रेगे' या मराठी चित्रपटात तर याच अधिकाऱ्याच्या खऱ्या नावाने पात्र होते. साथीदार जन्मठेप भोगत होते, मुक्ततेला आव्हान मिळालेले होते आणि पडद्यावर टाळ्या पडत होत्या.

आता चर्चेतल्या युक्तिवादांकडे वळू. ते चार आहेत आणि सगळेच फेकून देण्याजोगे नाहीत.

पहिला : 'गुंडच तर मेला.' लखनभैया धुतल्या तांदळासारखा होता असे आमचे मुळीच म्हणणे नाही. प्रश्न असा की ही नोंद कोण करतो? हैदराबादजवळ ६ डिसेंबर २०१९ रोजी बलात्कार आणि खुनाच्या आरोपातील चौघांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या पुलाखाली लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. आपल्या नागपूरचे न्या. सिरपूरकर ज्याचे अध्यक्ष होते त्या आयोगाने नंतर पोलिसांची हकीकत रचलेली ठरवली, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचे म्हटले. पाकळ्या मात्र तोवर सुकून गेल्या होत्या. मृत्यूनंतर चौकशीत काहीही निघो, निकालाची अंमलबजावणी आधीच झालेली असते.

याच युक्तिवादाची दुसरी बाजू पाहा. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचा एप्रिल २०१६ मध्ये खून झाला. त्याबद्दल पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांना पनवेलच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये जन्मठेप दिली. या दोन तारखांच्या मध्ये, २०१७ च्या प्रजासत्ताकदिनी, त्याच अधिकाऱ्याला राष्ट्रपतींचे पोलीस पदक जाहीर झाले होते. या निकालाने पोलिसांचे खच्चीकरण झाले असे आमच्या ऐकण्यात कुणी म्हटले नाही. उलट नऊ वर्षे लागली म्हणून सगळे हळहळले. रास्तच आहे. पण मग मान्य करा की आपला आक्षेप पोलिसावर खुनाचा खटला चालण्याला नाही. खून कुणाचा झाला यावर तो ठरतो. कायद्याच्या पुस्तकात मृताच्या लायकीचा रकाना नाही. आपल्या गुणपत्रिकेत तो आहे.

दुसरा युक्तिवाद : 'त्या काळात दुसरा उपाय नव्हता.' हा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. नव्वदच्या दशकातली मुंबई आम्ही विद्यार्थी म्हणून पाहिली आहे. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते दत्ता सामंत पवईत भररस्त्यात मारले गेले, ऑगस्टमध्ये गुलशन कुमार अंधेरीत. खंडणीचे फोन डॉक्टरांना येत, बिल्डरांना येत. साक्षीला कुणी उभे राहत नसे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली मराठी मुले याच टोळ्यांत ओढली गेली, हे जयंत पवारांच्या 'अधांतर'ने आपल्याला सांगितले आहे. त्या भयाला आम्ही खोटे म्हणत नाही. पण त्या भयाला उत्तर म्हणून राज्याने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका हा कायदा केला, आणि तो मवाळ कायदा नाही. त्याच्या कठोरपणाबद्दलच टीका झाली. म्हणजे २००६ मध्ये पोलिसांच्या हातात कायदा नव्हता असे नाही. कायदा होता आणि तो वापरण्यासाठी आरोपी जिवंत लागतो. शिवाय सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत आठ जण पोलीस नव्हतेच. ज्या कारवाईत पोलिसांबरोबर खासगी माणसे असतात, तिला नव्वदच्या दशकाची सबब कशी पुरणार?

तिसरा : 'न्यायालये उशीर लावतात.' लावतात. याच खटल्याने २००६ पासून २०२४ पर्यंतचा प्रवास केला. पण हा उशीर कुणाच्या पदरी काय टाकून गेला, ते पाहावे. लखनभैयाबरोबर ज्याला उचलले होते, तो सोबती या खटल्यातला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्ष अवघ्या काही दिवसांवर आलेली असताना, तो बेपत्ता झाला. पुढे त्याचा मृतदेहच सापडला. त्याला मारणारे शोधले गेले नाहीत, याबद्दल उच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात तीव्र खेद नोंदवला आहे. देशात साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती २०१८ मध्ये. उशिराचा खरा बळी हा माणूस आहे आणि वादविवाद स्पर्धेतल्या अकरा भाषणांपैकी एकातही तो नव्हता.

चौथा : 'पोलिसांचे मनोधैर्य खचते.' डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने या प्रकरणात शिक्षा झालेल्या अकरा पोलिसांची शिक्षा स्थगित केली होती; उच्च न्यायालयाने तो आदेश पुढे रद्द केला. मनोधैर्याची ही काळजी कुणाची कुणाला होती? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एका विद्यार्थिनीने दिले. स्पर्धा संपल्यावर ती विभागात आली. प्रथम वर्षाची, अबोल, मागच्या बाकावर बसणारी. म्हणाली, "मॅडम, माझे बाबा हवालदार आहेत. गणपतीत सलग तीन दिवस ते घरी आले नाहीत. आज सगळे पोलिसांवर बोलले, पण माझ्या बाबांवर कुणीच नाही बोललं." आमच्यापैकी एकीने विचारले, "तुला काय वाटतं, चकमक बरोबर की चूक?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "वरच्यांनी सांगितलं तर बाबांना नाही म्हणता येणार नाही. आणि नंतर वरचे सुटतात."

२०१३ च्या निकालानंतर अकरा वर्षे नेमके हेच चित्र होते. शिपाई आणि हाताखालचे अधिकारी तुरुंगात. ज्यांच्यावर नेतृत्वाचा आरोप होता ते बाहेर. मे २०११ मध्ये याच प्रकरणातल्या काही पोलिसांचा जामीन नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने न्यूरेंबर्गच्या खटल्यांची आठवण दिली होती आणि वरिष्ठाचा हुकूम ही सबब चालणार नाही, असे बजावले होते. कायदा म्हणून हे बरोबरच आहे. पण मनोधैर्याची काळजी वाहणाऱ्यांनी या मुलीच्या वाक्याला उत्तर द्यावे : बेकायदा हुकूम नाकारण्याचे धैर्य ज्या हवालदाराला नोकरीच्या भीतीने दाखवता येत नाही, त्याच्या धैर्याचे काय? खच्ची झालेले मनोधैर्य ते आहे.

आता थोडे आपल्याच पंक्तीतल्या लोकांविषयी. चकमकीला विरोध करणारे आमचे काही मित्र अशा अधिकाऱ्यांना फाशीच व्हावी, असे म्हणतात. २०११ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानेही बनावट चकमकी करणाऱ्या पोलिसांना फाशी द्यावी, असे मत मांडले होते. त्या निकालाच्या अखेरीस न्यायमूर्तींनी महाभारताच्या शांतिपर्वातला मात्स्यन्याय सांगितला आहे : दंड धारण करणारा नसेल तर मोठा मासा लहान माशाला खातो. दृष्टान्त नेमका आहे. पण त्यातून फाशीची मागणी निघते, हे आम्हाला पटत नाही. रक्ताची तहान तीच, फक्त पेला बदलला, असे होऊ नये. त्याचप्रमाणे प्रत्येक पोलिसाला खुनी समजून बोलणेही आम्हाला मान्य नाही. आरोपी अधिकाऱ्याला वकील मिळाला, उलटतपासणी करता आली, एकदा मुक्तता मिळाली, शिक्षेवर पुन्हा अपील करता आले. हे सगळे त्याला मिळालेच पाहिजे होते. आमचे म्हणणे इतकेच की जी अठरा वर्षे त्याला मिळाली, त्यांतले अठरा दिवससुद्धा वर्सोव्याच्या रस्त्यावर पडलेल्या माणसाला मिळाले नाहीत. आणि सभागृहातल्या टाळ्या हा फरक रास्त मानत होत्या.

इथे आम्हाला आमच्या अभ्यासक्रमातल्या एका पोलीस अधिकाऱ्याची आठवण होते. तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात रंगमंचावर आले. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवले, मग थिएटर अॅकॅडमी निघाली, १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्यावरून पुन्हा वादळ झाले. हा सगळा इतिहास आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. नानांची बदनामी झाली की नाही, ब्राह्मणांची झाली की नाही, इतिहासाचा विपर्यास झाला की नाही, लोकनाट्याचा बाज कसा वापरला, यांवर आम्ही प्रश्न काढतो आणि उत्तरपत्रिका तपासतो. पण नाटकाच्या नावात जो शब्द आहे, 'कोतवाल', त्याच्यावर आम्ही कधी प्रश्न काढला का? कोतवाल म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख. सत्ताधाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी एका अपमानित माणसाला अधिकार दिला. त्याने शहरावर दहशत बसवली. कोठडीत माणसे गुदमरून मेली, तेव्हा जमाव खवळला. आणि ज्याने त्याला घडवले त्यानेच त्याला जमावाच्या हाती दिला. १७९१ मध्ये खऱ्या घाशीरामाला लोकांनी दगडांनी ठेचून मारले. नाटकाच्या शेवटी नाना उत्सव जाहीर करतो. म्हणजे घाशीरामाचा मृत्यूही एक प्रकारची चकमकच. न्यायाधीश नाही, साक्ष नाही, आणि त्याला घडवणारा सहीसलामत.

पन्नास वर्षे मराठी समीक्षा नानांच्या अब्रूची काळजी वाहत राहिली. कोतवाल कोण घडवतो, हा नाटकाचा प्रश्न तिने बाजूला ठेवला. तोच प्रश्न आमच्या समोरच्या खटल्यातही बाजूला पडला आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात अधिकारी होते, शिपाई होते. ज्यांनी चकमकींच्या आकड्यांवर कौतुकाचे मथळे दिले, निवडणुकीची तिकिटे दिली, चित्रपट काढले, शिक्षा स्थगित केली आणि शेवटी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, ते पिंजऱ्यात नव्हते. ते असू शकतही नाहीत, कारण हा कायद्याने सिद्ध होणारा गुन्हा नाही. म्हणूनच तो आपल्या, म्हणजे भाषेच्या आणि साहित्याच्या अधिकारकक्षेत येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणाचा आरोपी मुंब्र्याजवळ पोलीस गाडीत गोळी लागून मेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. गावाच्या नावावर केलेला हा श्लेष आम्ही अलंकाराच्या तासाला उदाहरण म्हणून देऊ शकलो असतो, इतका तो चपखल आहे. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरले. त्या अहवालावर कुणी श्लेष केला नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस चकमकींच्या चौकशीसाठी सोळा नियम घालून दिले. गुन्हा नोंदवावा, तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी. आणि त्यांतला एक नियम असा की शौर्य निःसंशय सिद्ध होण्यापूर्वी घटनेपाठोपाठ बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. महाराष्ट्रातल्याच चकमकींवरून दाखल झालेल्या याचिकेतून हे नियम आले. पदकाला लागू आहे ते पारितोषिकालाही लागू असायला काय हरकत आहे? 'चकमकफेम' ही बढतीच आहे. 'कंठस्नान' हे पदकच आहे. ती आपण वाटतो, न्यायालय नव्हे.

यंदा आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या आहेत. वादविवाद स्पर्धेच्या गुणपत्रिकेत 'वस्तुस्थितीची पडताळणी' असा रकाना घातला आणि त्याला शब्दफेकीपेक्षा जास्त गुण ठेवले. स्पर्धक त्यामुळे नाराज आहेत. भाषणे रटाळ होतात, असे म्हणतात. आणि पदव्युत्तर वर्गात 'घाशीराम कोतवाल' शिकवताना चकमकीच्या बातम्यांची जुनी कात्रणे आणि उच्च न्यायालयाच्या निकालाचा सारांश शेजारी ठेवून वाचायला सुरुवात केली. गेल्या वर्षीचा पारितोषिकविजेता आता त्याच वर्गात आहे. त्याने कात्रणे वाचून विचारले, "सर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पारितोषिक परत मागण्याचा प्रश्नच नाही. बोलला तो उत्तमच. चूक परीक्षकांची होती आणि ती आम्ही इथे नोंदवत आहोत.

त्या हवालदाराच्या मुलीने यंदा स्पर्धेला नाव दिले आहे. कोणत्या बाजूने बोलणार, ते तिने अजून सांगितलेले नाही.